चौथा ब्रॅकेट

मिस्त्रींनी भिंतीला लावलेली वस्तू पडत नाही. हे मिस्त्री स्वतःच इतक्या वेळा सांगायचे की दुसऱ्या कुणाला ते सांगायची संधीच मिळायची नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलं. दारं, खिडक्या, कपाटं, एका शाळेचे दोनशे बाक. त्यातलं काही पडलंच असेल, तर ते निदान मिस्त्रींच्या कानावर आलेलं नव्हतं.

त्यांची आणखी एक ख्याती होती, आणि तीही त्यांनीच पसरवलेली. स्क्रू मोजून आणायचे. कामाला अठ्ठावीस लागत असतील तर अठ्ठावीस, एकोणतिसावा नाही. "जास्तीचा स्क्रू आणणाऱ्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नसतो," असं ते म्हणत. काम झालं की अवजारांची पिशवी सगळ्यांदेखत उलटी करून झटकायची. तिच्यातून स्क्रू पडला नाही म्हणजे काम पुरं झालं.

पाच वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले आणि मुलगा म्हणाला, "बाबा, बास झालं आता. आराम करा." आराम कर म्हटलेला सुतार घरात काय करतो, हे ज्यांच्या घरी असा सुतार आहे त्यांनाच विचारा. मिस्त्री चांगली लागणारी दारं दुरुस्त करायला लागले. बायको रोज एक तरी दार ढकलून बघायची आणि म्हणायची, "अहो, हे कालपर्यंत नीट बंद होत होतं." शेवटी घरच्यांनी करवत आणि रंधा माळ्यावर टाकला. मग मिस्त्री पेपर वाचायचे, पहिल्या पानापासून हरवलेल्या माणसांच्या जाहिरातींपर्यंत, आणि घड्याळ बघून म्हणायचे, "अजून अकराच वाजलेत." आपलं आता कुणाचं काही अडत नाही, हे त्यांना मनातून फार खुपायचं.

अशात सुनेने त्यांना काम दिलं.

सून व्यायाम शिकवायची. आजवर दुसऱ्यांच्या जागेत शिकवलं, आता औषधाच्या दुकानावरचा हॉल तिने स्वतःच्या हिमतीवर भाड्याने घेतला होता. तिथे ती बार क्लास सुरू करणार होती. म्हणजे भिंतीला कमरेच्या उंचीवर एक लांब लाकडी दांडी लावलेली असते. नाच शिकणाऱ्या मुली तिला धरून सराव करतात. त्या सरावातून निघालेला हा व्यायाम. नाचायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, दांडीपाशी उभं राहून हातपाय थोडे थोडे हलवायचे. मुलाचं म्हणणं पडलं, दांडी बसवायला कंपनीची माणसं बोलावू. सुनेच्या आईचं म्हणणंही तेच होतं, फक्त आवाज मोठा होता. सून म्हणाली, "घरात बाबा असताना बाहेरची माणसं कशाला?"

हे वाक्य मिस्त्रींनी पुढचे चार दिवस पुरवून पुरवून वापरलं. लाकडाच्या वखारीत सांगितलं, हार्डवेअरच्या दुकानात सांगितलं, आणि हॉलच्या जिन्यात बसलेल्या रखवालदाराला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याचं लक्ष नव्हतं.

काम त्यांनी झकास केलं. दहा-दहा फुटांच्या दोन दांड्या, काचेसारख्या गुळगुळीत. त्यांना तोलायला सात ब्रॅकेट. प्रत्येक ब्रॅकेटला खोबण, खोबणीत दांडी बसवलेली, स्क्रू झाकायला वरून पांढरी टोपी. दोन दांड्यांचा सांधा नेमका मधल्या, म्हणजे चौथ्या ब्रॅकेटवर. शेवटी पिशवी उलटी करून झटकली. एकही स्क्रू पडला नाही. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आता इथे हत्ती जरी व्यायामाला आला ना, तरी नाही म्हणू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिला क्लास होता. सात वाजता मिस्त्री घरी चहा पीत होते. कपडे भिजवायला निघालेली बायको त्यांचा कालचा शर्ट घेऊन आली.

"अहो, हे काय खिशात ठेवलंत?"

तिने बशीच्या शेजारी चार स्क्रू ठेवले.

मिस्त्रींनी चहाचा घोट तोंडात घेतला होता, तो तोंडातच राहिला. कालची दुपार त्यांच्या डोळ्यांपुढे अशी लख्ख उभी राहिली की वाटलं, नसती राहिली तर बरं. सांध्याचा ब्रॅकेट ते नेहमी सगळ्यात शेवटी लावत. सहा झाले होते. सातवा, म्हणजे चौथा, हाताने जागेवर टेकवला होता आणि सांध्यात दांडी बसवून तोल बघत होते. ड्रिल मारायचं बाकी होतं. शेवटचे चार स्क्रू ओठांत धरले होते, कारण सुताराचा तिसरा हात म्हणजे त्याचं तोंड. तेवढ्यात विहीणबाई हॉल बघायला आल्या.

सुनेची आई म्हणजे मिस्त्रींची विहीण. तिच्यासमोर तोंडात स्क्रू धरून बोलणं बरं दिसत नाही. मिस्त्रींनी स्क्रू काढले, पुसले आणि खिशात टाकले. विहीणबाईंनी विचारलं, "हे टिकेल ना, व्याही?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला मिस्त्रींना पंचवीस मिनिटं लागली. त्यात शाळेचे दोनशे बाक आले, एकदा वादळात घर गेलं पण त्यांनी लावलेलं दार चौकटीसकट उभं राहिलं तेही आलं. बोलता बोलता त्यांनी चौथ्या ब्रॅकेटवर पांढरी टोपी दाबून बसवली. आणि मग पिशवी झटकली.

थोडक्यात, आपण लावलेलं कधीच पडत नाही हे समजावण्याच्या नादात मिस्त्री ते लावायला विसरले होते.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"सुनेच्या क्लासला."

"तुम्ही?"

मिस्त्री ड्रिलची पिशवी घेऊन जिना उतरत होते. गुडघे काय म्हणत होते तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

त्यांचा हिशेब सोपा होता. पावणेआठला पोचायचं, हॉल रिकामा असेल, पाच मिनिटांत चार भोकं पाडायची, चार स्क्रू पिळायचे, टोपी लावायची. कुणाला काही कळणार नाही. पोचून दार ढकललं तर आत आठ बायका. पहिला दिवस म्हणून सगळ्या लवकर आल्या होत्या. एकीच्या हातात पाण्याची बाटली, एकीची जमिनीवर चटई, आणि दांडीच्या ऐन मध्यावर, चौथ्या ब्रॅकेटला कोपर टेकून, विहीणबाई. नवी कोरी ट्रॅकपँट घातली होती, तिची इस्त्रीची घडीही मोडली नव्हती.

"बाबा, तुम्ही आलात?" सून धावत आली. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "मी काल सहज म्हटलं, या म्हणून. मला वाटलं नव्हतं तुम्ही मनावर घ्याल."

"अगं, मी जरा…" मिस्त्रींनी पिशवी वर उचलून दाखवली.

"ती कोपऱ्यात ठेवा. मोजे आहेत का?"

"मोजे?"

"घसरायला नको म्हणून तळाला रबरी ठिपके असलेले घालायचे असतात. थांबा, माझा एक जोड जास्तीचा आहे."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? एका वाक्याचं तर काम होतं. सांगितलं असतं हो. पण ते वाक्य विहीणबाईंच्या समोर बोलायचं होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मिस्त्रींनी स्वतःशीही कबूल केली नसती. पुन्हा काम मिळणार नाही, ही भीती. चाळीस वर्षांनी विसरलेला माणूस एकदाच विसरत नाही, असं घरचे म्हणणार. मग हातोडीसुद्धा माळ्यावर जाणार, आणि अकरा वाजायची वाट बघत उरलेलं आयुष्य काढायचं. म्हणून मिस्त्रींनी गुलाबी मोजे चढवले. टाच बाहेर राहत होती.

पहिलं काम म्हणजे चौथा ब्रॅकेट खरंच मोकळा आहे का ते बघणं. कदाचित आपल्याला चुकीचं आठवत असेल, ही एक आशा होती. मिस्त्री भिंतीलगत चालत गेले. पहिल्या ब्रॅकेटवर बोटाने टकटक केली. भक्कम. दुसरा, भक्कम. तिसरा.

"व्याही, भिंतीला काय विचारताय?" विहीणबाई म्हणाल्या.

"सवय आहे," मिस्त्री म्हणाले. "जरा कोपर उचलता का?"

त्यांनी अंगठा लावला. चौथा ब्रॅकेट हलला. अगदी थोडासा, पण हलला, पडायला आलेल्या दातासारखा. शेजारी उभी असलेली बाई दातांची डॉक्टर होती. तिने मान वळवून बघितलं आणि पुन्हा सरळ केली.

"विहीणबाई, इथे मी उभा राहतो."

"का? मला इथून आरसा सरळ दिसतो."

"इथे वारं लागतं."

"खिडकी त्या टोकाला आहे, व्याही."

"म्हणूनच. तिथून निघालेलं वारं नेमकं इथे पोचतं."

यावर काय बोलावं हे विहीणबाईंना सुचलं नाही, आणि असं सहसा होत नसल्यामुळे त्या गोंधळून एक पाऊल सरकल्या. मिस्त्रींनी जागा पकडली. इतक्यात सून आली.

"बाबा, तुम्ही टोकाला उभे राहा ना. इथे मी उभी राहणार होते."

"मी इथेच बरा आहे."

सुनेने त्यांच्याकडे बघितलं, ब्रॅकेटकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मिस्त्रींना वाटलं, पहिल्या दिवसाचं दडपण आहे बिचारीला.

क्लास सुरू झाला. "पहिली गोष्ट," सून म्हणाली, "दांडी आधाराला आहे, लटकायला नाही. फक्त बोटं टेकवायची. दुसरी गोष्ट, आज मोठं काहीच करायचं नाही. सगळं छोटं छोटं. आणि पाय थरथरले तर घाबरू नका. थरथरायला लागले म्हणजे व्यायाम बरोबर जागी पोचला."

मिस्त्रींना हायसं वाटलं. छोटं छोटं. जन्मभर खांद्यावरून दारं वाहिलेल्या माणसाला बायकांच्या छोट्या छोट्या व्यायामाचं काय होणार? त्यांना चिंता फक्त दांडीची होती. त्यांनी दोन्ही हातांची बोटं दांडीच्या वर, केसभर अंतर ठेवून, हवेत धरली. लांबून बघणाऱ्याला टेकवल्यासारखी दिसत होती.

"टाचा एकमेकींना जोडा. चवडे उघडा. आता टाचा उचला. गुडघे किंचित वाकवा. आणि एक इंच खाली, एक इंच वर. खाली, वर."

आता बघा, एक इंच म्हणजे काय याबद्दल जगात फार ढिलाई आहे. बाकी आठही बायका वीतभर खाली जात होत्या आणि वीतभर वर येत होत्या. बँकेतल्या मॅनेजरबाई, ज्या धिप्पाड होत्या आणि मिस्त्रींच्या डाव्या हाताला होत्या, त्या तर खाली जाऊन तिथेच थोडा विसावा घेऊन येत होत्या. पण मिस्त्रींना इंच कळत होता. ते बरोबर एक इंच खाली गेले आणि बरोबर एक इंच वर आले.

"बाबांकडे बघा," सून म्हणाली. "असा हवा इंच. आणि दांडीवर भार बघा, शून्य."

सगळ्यांनी बघितलं. विहीणबाईंनी जरा जास्तच वेळ बघितलं.

पंधराव्या इंचाला मिस्त्रींच्या मांडीत काहीतरी सुरू झालं. विसाव्याला ते दोन्ही मांड्यांत झालं. पंचविसाव्याला त्यांना कळलं की दारं वाहण्याचा आणि याचा काही संबंध नाही. दार उचललं की ते कुठेतरी नेऊन ठेवता येतं. इथे काहीच उचललेलं नव्हतं, त्यामुळे ठेवणार काय? पाय लटलट कापत होते. समोर हाताशी स्वतःच्या हाताने घडवलेली सुंदर दांडी होती आणि तिला धरायची त्यांना सोय नव्हती.

"थरथर आली का?" सुनेने विचारलं.

"आली," आठ-नऊ आवाज आले.

"छान. आता तिथेच थांबा. तीस आकडे."

तीस आकडे. मिस्त्रींच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला. बाकीच्यांनी आता बोटं टेकवणं सोडून दिलं होतं आणि दांडी मुठीत धरली होती. सगळ्यांची थरथर दांडीत उतरली आणि दांडी बारीक आवाजात कुरकुरायला लागली. टोपीच्या कडेने पांढरी भुकटी गळून मिस्त्रींच्या गुलाबी मोज्यावर पडली.

"मॅनेजरबाई," मिस्त्री दातांतून म्हणाले, "भार देऊ नका."

"तुम्ही इथे शिकवता का?"

"नाही. पण भार देऊ नका."

"मग कुठे देऊ?"

प्रश्न योग्य होता. मिस्त्रींना स्वतःचाच भार कुठे द्यावा हे कळत नव्हतं. त्यांनी डावीकडे मॅनेजरबाईंना, उजवीकडे विहीणबाईंना, आणि मान लांब करून डॉक्टरीणबाईंना तेच सांगितलं. बायका वरमून बोटं हलकी करत आणि मिस्त्रींची मान वळली की पुन्हा मूठ वळत. सून लांबून हे बघून खूश होत होती.

मग एक पाय मागे उचलून बारीक झोके द्यायचे होते. मग तोच पाय बाजूला. मग मांड्यांमध्ये एक छोटा चेंडू धरून पुन्हा एक इंच खाली, एक इंच वर. मिस्त्रींचा चेंडू तीनदा सुटला आणि प्रत्येक वेळी विहीणबाईंच्या पायाशी जाऊन थांबला. प्रत्येक वेळी त्यांनी तो उचलून दिला आणि प्रत्येक वेळी म्हणाल्या, "घ्या."

"सूनबाई," संधी साधून मिस्त्री हळूच म्हणाले, "जरा दांडीचं बोलायचं होतं."

"दांडीचा विचारच करू नका, बाबा. श्वास घ्या."

मिस्त्रींनी श्वास घेतला. त्यांना आता एकच आशा होती, ती म्हणजे घड्याळ. भिंतीवरच्या घड्याळात आठ चाळीस झाले होते. क्लास पंचेचाळीस मिनिटांचा. आणखी पाच मिनिटं दांडीने कळ काढली की बायका जातील, आणि मग आपण, ड्रिल आणि ती भिंत.

"आता शेवटचा प्रकार," सून म्हणाली. "सगळ्यात आरामाचा. सगळ्यांनी उजवा पाय उचला आणि टाच दांडीवर ठेवा. मग सावकाश पुढे वाका. सगळा भार दांडीवर सोडून द्या."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. मॅनेजरबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा पाय धरला होता आणि तो उचलायला त्या हुं म्हणून जोर लावत होत्या. पलीकडे विहीणबाईंची टाच गुडघ्यापर्यंत आली होती. या वयात, या उंचीवर पाय, आणि खालची दांडी निसटली तर काय होईल हे सुताराला कुणी सांगायला लागत नाही. एक क्षण मिस्त्रींना माळ्यावरची करवत दिसली, घड्याळात वाजलेले अकरा दिसले. आणि मग ते मोठ्याने बोलले.

"थांबा. कुणीही दांडीवर पाय ठेवायचा नाही."

सगळे पाय हवेत होते तिथे थांबले.

"चौथ्या ब्रॅकेटला स्क्रू नाहीत," मिस्त्री म्हणाले. "मी लावायला विसरलो. माझी चूक. चार स्क्रू हे माझ्या खिशात आहेत." त्यांनी काढून दाखवले. "पाय खाली घ्या सगळ्यांनी. हळू."

पाय खाली आले. मिस्त्रींनी विहीणबाईंकडे बघायचं टाळलं आणि आरशात बघितलं, तर आरशातही विहीणबाईच होत्या.

सून पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा, स्क्रू आहेत."

"नाहीत, पोरी. ते माझ्याकडे आहेत."

"ते तुमचे. मी माझे लावलेत." तिने चौथ्या ब्रॅकेटची टोपी नखाने काढली. आत चार स्क्रू होते. एक पिवळा, दोन काळे, एक भलताच जाड, आणि चौघांचीही तोंडं चार दिशांना. "काल तुम्ही गेल्यावर मी दांडी धरून बघितली, तर हा हलत होता. मग मी घरच्या डब्यातले आणले आणि पेचकसाने चांगले पिळून बसवले. हाताला फोड आलेत, हे बघा."

"मग मला फोन का नाही केलास?"

"तुम्ही काल किती खूश होता. पिशवी झटकून दाखवलीत. मग मी कसं म्हणणार, बाबा, तुम्ही विसरलात म्हणून?" सून खाली बघत म्हणाली. "आणि तुम्ही आज आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

मिस्त्रींनी विहीणबाईंकडे बघितलं. दुसरं काही सांगायची गरज पडली नाही.

बायकांना मात्र हुश्श झालं. मॅनेजरबाई हसल्या, डॉक्टरीणबाई हसल्या, एकेकीने दांडीला पाठ टेकवली, कुणी दोन्ही हातांनी दांडी धरून पाय मोकळे करायला लागली. मिस्त्रींचाही जीव भांड्यात पडला. पाऊण तास उगाच जळलो, पण सुनेने इज्जत राखली. तरी त्यांच्या मनात एक शंका वळवळत होती. काहीतरी राहिलं होतं. ती भुकटी.

"सूनबाई, भोकं कशाने पाडलीस?"

"भोकं कशाला? तसेच पिळले. भिंत मऊच होती." आणि सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून तिने उजवी टाच झपकन सांध्यावर टाकली आणि अंगाचा भार दिला. "बघा. पक्की आहे."

मऊ होता तो वरचा गिलावा. गिलाव्यात नुसता पिळलेला स्क्रू म्हणजे लोण्यात खोचलेली काडी, हे मिस्त्री सांगणार होते. पण वेळ मिळाला नाही. चौथा ब्रॅकेट मूठभर गिलाव्यासकट बाहेर आला, सांधा सुटला, दोन्ही दांड्या खोबणींतून निसटल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांना टेकलेल्या सगळ्या बायका डावीकडून उजवीकडे एकेक करून खाली बसल्या. कुणी पडलं असं म्हणता येणार नाही. बसल्याच, जरा घाईने बसल्या. दांड्या गडगडत आरशापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

उभे होते फक्त मिस्त्री. दोन्ही हात पुढे, बोटं हवेत. पाऊण तासात त्यांनी दांडीला हातच लावला नव्हता, त्यामुळे ती गेली तरी त्यांना काही फरक पडला नाही. भिंतीकडे बघून त्यांनी आधी एक गोष्ट मोजली. बाकीचे सहा ब्रॅकेट जागेवर होते.

"पडली," जमिनीवरून विहीणबाई म्हणाल्या.

कुणाला लागलं नव्हतं. ते विचारून झालं, पुन्हा विचारून झालं, आणि मग सुनेचा बांध फुटला. हातात ब्रॅकेट घेऊन ती बसली होती. त्याला चारही स्क्रू अजून घट्ट होते, प्रत्येकाला गिलाव्याचा गोळा. "पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "आता कोण येणार परत? मी किती पक्के पिळले होते, बाबा."

मिस्त्रींना तिच्याजवळ खाली बसायचं होतं. पायांनी साफ नकार दिला. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "पक्केच पिळलेस. तुझी चूक नाही. आधी ड्रिलने भोक पाडायचं, त्यात प्लॅस्टिकचा प्लग ठोकायचा आणि मग स्क्रू. हे तुला कुणी शिकवलं नाही. ज्याने शिकवायचं तो पिशवी झटकत बसला होता." आणि मग, हे सगळ्यांसमोर आणि मुख्य म्हणजे विहीणबाईंसमोर, ते म्हणाले, "चूक माझी आहे. या बायांनी परत यायचं नाही असं ठरवलं तर ते माझ्यामुळे. तुझ्या शिकवण्यात काही खोट नाही. माझे पाय विचारा."

विहीणबाई भिंतीला धरून उठल्या. ट्रॅकपँट झटकली. मिस्त्रींनी मान खाली घातली. आता दोनशे बाकांचं, वादळातल्या दाराचं, कंपनीच्या माणसांचं सगळं ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती.

"त्या पिशवीत ड्रिल आहे ना?" विहीणबाईंनी विचारलं.

"आहे."

"मग बघताय काय? लावा."

मिस्त्रींनी ड्रिल भिंतीला लावलं. पण पायांची थरथर एव्हाना खांद्यांपर्यंत चढली होती. टोक भिंतीवर नाचायला लागलं. दोनदा प्रयत्न केला, दोनदा भिंतीवर नुसत्या रेघोट्या उमटल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"आणा इकडे," दातांची डॉक्टर म्हणाली. "माझं रोजचं काम आहे." तिने चार भोकं पाडली, अशी सरळ आणि अशी स्वच्छ की मिस्त्री बघत राहिले. मध्येच एकदा ती सवयीने म्हणाली, "दुखलं तर हात वर करा." मॅनेजरबाईंनी ब्रॅकेट धरून ठेवला. प्लग मिस्त्रींनी ठोकले, स्क्रू सुनेने पिळले. दांड्या परत खोबणीत बसल्या. साडेनऊ वाजले होते आणि अजून एकही बाई गेली नव्हती.

"परवा क्लास आहे ना?" जाताना मॅनेजरबाईंनी विचारलं.

"आहे," सून म्हणाली. "तुम्ही याल?"

"येऊ की. थरथर छान होती." त्यांनी दांडीकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे. "पण आमची एक अट आहे."

त्या दिवशी मिस्त्रींना जिना उतरायला अकरा मिनिटं लागली. रखवालदाराने विचारलं, दांडी कशी झाली? ते म्हणाले, मजबूत, आणि पुढे काही सांगितलं नाही. घरी बायकोने विचारलं, क्लासमध्ये काय केलंत? "काही नाही," मिस्त्री म्हणाले. "उभं राहायचं असतं." मग दोन दिवस ते खुर्चीत बसताना आणि उठताना कण्हत होते. सुनेने तेवढ्यात चपलांच्या मांडणीचं माप घ्यायला सांगितलं, तेही त्यांनी कण्हतच घेतलं.

अट बायकांनी अजून सोडलेली नाही. एका दिवसासाठी आलेले मिस्त्री आता आठवड्यातून तीनदा क्लासला असतात. स्वतःच्या मापाचे ठिपक्यांचे मोजे आहेत, निळे. आठच्या ठोक्याला सगळ्या भिंतीपासून एक हात लांब, ओळीने उभ्या राहतात आणि कुणीही दांडीला बोट लावत नाही. विहीणबाई चौथ्या ब्रॅकेटकडे बघतात, मग मिस्त्रींकडे बघतात.

"धरू का, व्याही?"

"थांबा, विहीणबाई," मिस्त्री म्हणतात. "आधी मी लटकून दाखवतो."